मामाची चालती गाडी

मामाच्या घरात बेचाळीस मोटारी होत्या आणि मामाला गाडी चालवता येत नव्हती. मामीला एवढा मजकूर आयुष्यभर पुरला. पाहुणे येऊन टेकले की ती काचेच्या कपाटाकडे हात करायची. "बघा, बेचाळीस गाड्या आहेत आमच्याकडे. आणि मी भाजीला जाते बसने."

एकेक गाडी वितीपेक्षा थोडी कमी. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाची. खोक्यातून सुटे भाग यायचे, ते मामा जोडायचा आणि रंगवायचा. बाहेरचा रंग तो नेमका पण अलिप्तपणे देई, शाळेत गणवेश घालावा तसा. त्याचा जीव आत असे. डॅशबोर्ड, सीटा, दाराच्या आतली कातडी, काच खाली करायचा दांडा, पायाखालची रबरी चटई.

"पण मामा, आत कोण बसणारे?" मी एकदा विचारलं. शिकायला म्हणून मी तेव्हा त्यांच्याकडे राहत होते.

"कोणी बसणार नाही म्हणून सीट मळकी ठेवायची?" मामा म्हणाला.

मामा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. काचा घासून फ्रेमच्या मापाला आणायच्या आणि बसवायच्या, हे काम त्यानं छत्तीस वर्षं केलं होतं. दुकान दहाला उघडे. सकाळी साडेसहा ते नऊ तो पूर्वेच्या खिडकीशी बसे. दुकानातून निकामी म्हणून आणलेलं भिंग रबरी पट्ट्यानं कपाळावर, औषधाच्या बाटल्यांची झाकणं रंगांसाठी, दात कोरायच्या काड्या, एक शिवणाची सुई, आणि एक ब्रश, ज्याचे चार केस सोडून बाकीचे त्यानं ब्लेडनं उडवले होते. वेग दाखवणारी चकती मसुराच्या दाण्याएवढी. तिच्यात तो सुईच्या टोकानं आकडे लिहायचा. लिहिताना श्वास धरायचा, आणि आकडा पुरा झाला की सोडायचा. पलीकडच्या खोलीत पडल्या पडल्या मला त्या श्वासांवरून कळायचं, आज ऐंशीपर्यंत पोचला की साठावरच अडलाय.

पूर्ण काळा रंग त्यानं कधी वापरला नाही. "सावलीवरसुद्धा थोडा उजेड पडलेला असतो," म्हणायचा, आणि काळ्यात चिमूटभर तपकिरी मिसळायचा. सीटेवर आधी मूळ रंग. तो वाळला की पाण्यासारखा पातळ गडद रंग सोडायचा. तो आपोआप शिवणीच्या खाचांत जाऊन बसे. मग ब्रशवरचा रंग फडक्याला पुसून पुसून जवळजवळ संपवायचा आणि उरलासुरला सीटेच्या कडांवरून ओढायचा, जिथं माणसाच्या मांड्या घासतात तिथं. शेवटी प्रत्येक चकतीवर बिनरंगी नेलपॉलिशचा एक थेंब. वाळला की काच.

"लग्नाला एकतीस वर्षं झाली," मामी म्हणायची, "नेलपॉलिशच्या किती बाटल्या आणल्या देव जाणे. माझं एक नख रंगलं असेल तर शपथ."

हे सगळं मामा शिकला तो रस्त्याकडेला उभ्या गाड्यांत डोकावून. दुकानातून येताना एखादी जुनी गाडी दिसली की तो दोन्ही हातांचे पंजे काचेला लावून, त्यात तोंड खुपसून बघत राहायचा. एकदा दवाखान्याच्या आवारात पहारेकऱ्यानं त्याची कॉलर धरली.

"काय उचलायला आलास रे?"

मामानं खिशातून वही काढून दिली. तिच्यात सीटेचं चित्र होतं आणि शिवणी मोजून लिहिल्या होत्या. पहारेकरी वही उलटीसुलटी करून बघत राहिला. चोरी करणारा माणूस शिवणी कशाला मोजेल, हे काही त्याला सुटेना. तेवढ्यात गाडीच्या मालकीणबाई आल्या. त्यांनी हसत दार उघडून दिलं आणि मामा दहा मिनिटं आत बसून आला. तो आठवडाभर घरात त्याचीच गोष्ट होती.

चालवायला का शिकला नाहीस, असं विचारलं तर म्हणायचा, "गरज पडली नाही." खरं कारण मामीला पाठ होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिच्या भावानं त्याला शिकवायला घेतलं. मामानं पुढचा म्हणून मागचा गियर टाकला आणि सासूबाईंचा गुलाबाचा ताटवा सपाट केला. सासूबाईंनी नेहमीसारखं पान मांडलं. जेवायला वाढलं, आग्रह केला. पण त्यानंतर मामा स्टिअरिंगला हात लावायला तयार झाला नाही.

अशात एक दिवस दुकानात मोटारवाल्या बाई आल्या. गाडी शिकवण्याचा त्यांचा क्लास होता, आणि शहराच्या त्या भागातले निम्मे लोक स्टिअरिंग धरायला त्यांच्याकडूनच शिकलेले होते. बुटक्या, ठसठशीत, आवाज इंजिनावर मात करायची सवय असलेला. जवळचं दिसेना म्हणून चष्मा करायला आल्या होत्या. नवा चष्मा लावून बघताना त्यांची नजर मामानं घरून आणून बाकावर वाळत ठेवलेल्या गाडीवर पडली.

"हे कोणी केलं?"

"मी," मामा म्हणाला.

बाईंनी गाडी उचलली, डोळ्यांशी धरली आणि बराच वेळ आत बघितलं. मग म्हणाल्या, "आमची पहिली गाडी करून द्याल? क्लासची. सव्वीस वर्षं झाली तिला. पुढच्या महिन्याच्या अखेरीस तंत्रशाळेला देतेय. मुलं तिचं इंजिन खोलून शिकतील."

"म्हणजे अजूनही शिकवणारच ती," मामा म्हणाला.

बाईंना हे आवडलं असावं. त्या बसल्या. "पण एक सांगते. मला ती उभी नकोय. सव्वीस वर्षं ती उभी म्हणून राहिली नाही. मला चालती करून द्या. वीसच्या वेगात. आमच्या क्लासचा वेग तेवढाच."

घराबाहेरच्या माणसानं मामाकडे गाडी मागण्याची ती पहिलीच वेळ. त्या संध्याकाळी तो बसमधून एक थांबा पुढे गेला आणि चालत परत आला.

पुढच्याच सुट्टीला तो मला घेऊन बाईंच्या अंगणात गेला. जुनी गाडी फिकट निळी, चार दारांची. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही पायाशी एक क्लच, एक ब्रेक. आरशाशेजारी दुसरा आरसा. मामानं अडीच तास मापं घेतली. मी वही धरून बसले. नंतर सकाळचे नऊ दिवस नुसत्या चकत्यांत गेले. आकडे, बारीक रेघा, आणि विसावर टेकलेला केशरी काटा. इतकं नेमकं काम त्यानं आधी केलं नव्हतं. मामीसुद्धा भिंग मागून घेऊन बघून गेली.

छत न चिकटवता, गाडी डब्यात ठेवून, मामा ती बाईंकडे घेऊन गेला. मी आणि मामी बरोबर होतो. बाईंनी चष्मा लावला, छत उचललं, आत बघितलं. आधी त्यांचे खांदे हलायला लागले. मग आवाज आला.

"राजे," त्या म्हणाल्या. शिकणाऱ्या प्रत्येकाला त्या राजे म्हणत, विशेषतः चुकल्यावर. "काटा विसावर. बरोबर. हँडब्रेक वर ओढलेला. गियर न्यूट्रलमध्ये. पेट्रोलचा काटा तळाला. ही गाडी चालवतंय कोण? भूत?"

मामी हसली. मीही हसले, थांबवता आलं नाही. मामानं गाडीकडे पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले.

घरी येऊन तो कपाटापुढे उभा राहिला. एकेक गाडी काढून बघू लागला. बेचाळीसच्या बेचाळीस गाड्यांचे हँडब्रेक वर होते. बेचाळीस गाड्यांचे सगळे काटे शून्यावर. तो आयुष्यभर उभ्या गाड्यांत डोकावला होता आणि जे दिसलं ते त्यानं प्रामाणिकपणे रंगवलं होतं.

"अहो, त्या बरोबरच आहेत," मामी मऊ आवाजात म्हणाली. "उभ्या आहेत त्या, म्हणून तशा आहेत."

"त्या बरोबर आहेत," मामा म्हणाला. "ही चुकलीये. आणि ही काय केल्यानं बरोबर होईल ते मला माहीत नाही."

"हँडब्रेक खाली कर, गियर टाक," मी म्हटलं.

"कुठला गियर?"

मलाही माहीत नव्हतं. महिना संपायला चोवीस दिवस होते.

दुसऱ्या दिवशी मामा एकटाच बाईंकडे गेला. काय बोलणं झालं ते त्यानं जेवताना एका वाक्यात सांगितलं. "उद्यापासून शिकतोय."

मामीच्या हातातला डाव तसाच राहिला. "काय?"

"गाडी. त्याच गाडीवर. तिची शेवटची शिकवणी मीच. बाई म्हणाल्या, ही शिकवणीच गाडीची किंमत समजा."

"आणि गुलाब कुठं आहेत का जवळपास? आधी बघून घ्या," मामी म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्याच्या शर्टाला इस्त्री केली, जी ती एरवी लग्नकार्यालाच करायची.

गोदामांच्या मागं मोठं मोकळं मैदान होतं. तिथं मी मागच्या सीटेवर बसून सगळं पाहिलं. मामाचे हात स्टिअरिंगवर असे होते, जणू तेही चोविसाव्या हिश्शाचं आहे आणि रंग अजून ओला आहे.

"घट्ट धरा हो. ते काही फुटत नाही."

गाडी दोन उचक्या देऊन बंद पडली. पुन्हा सुरू. पुन्हा बंद. पाचव्या खेपेला ती पुढे सरकली आणि मामाच्या तोंडून लहान मुलासारखा आवाज आला.

"छान. आता समोर बघा."

"समोरच बघतोय."

"ते मीटर आहे. समोर म्हणजे काचेच्या पलीकडं."

हाच मामाचा मोठा दोष निघाला. त्याची नजर चकत्यांवरून सुटेना. काटा हलायला लागला की तो हरखून जायचा. अकरा, बारा, तेरा. काटा एका ठिकाणी थांबत नाही, बारीक थरथरतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि काटा थरथरत असताना गाडी मैदानाच्या कुंपणाकडे निघालेली असे. मग बाईंचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर धाडकन पडायचा आणि आम्ही तिघं एकदम पुढे झुकायचो.

"राजे, रस्ता काट्यात नसतो!"

"चुकलं, बाई."

असे आठ दिवस गेले. मामीनं विचारलं, कितपत आलं? मी म्हटलं, बाईंना ब्रेक छान मारता येतो.

नवव्या दिवशी बाईंनी चिकटपट्टी आणि एक जुनं वर्तमानपत्र आणलं. त्यांनी सगळ्या चकत्यांवर कागद डकवला. मामा बघतच राहिला. त्याच्या दृष्टीनं गाडीत बघण्यासारखं जे काही होतं ते झाकलं गेलं होतं.

"आता?"

"आता चालवा."

नाइलाजानं त्यानं समोर बघितलं. मैदान होतं, लांब गोदामाची भिंत होती, तिच्यावर ऊन होतं. गाडी निघाली. इंजिनाचा आवाज चढला, तसा बाईंनी सांगायच्या आत त्यानं दुसरा गियर टाकला. भिंतीपाशी वळवली. पुन्हा सरळ.

"वेग किती असेल?" बाईंनी विचारलं.

"मला काय दिसतंय?"

"दिसायचं काय त्यात? सांगा."

मामानं पाठ सीटेला टेकवली. "वीस?"

बाईंनी कागदाचा कोपरा उचलला. बावीस.

"काटा बघून वेग कळतो तो शेजारी बसणाऱ्याला," बाई म्हणाल्या. "चालवणाऱ्याला पाठीत कळतो."

मामा त्या दिवशी मैदानाला सोळा फेऱ्या मारून आला. घरी आल्यावर मामीला म्हणाला, "तू कधी बसलीस का गं गाडीत पुढे, खिडकी उघडी ठेवून?" मामी म्हणाली, "बसले असते, कोणी बसवलं असतं तर." दोघंही हसली.

कागद आठवडाभर होता. मग बाईंनी काढला, आणि मामा चालवतच राहिला. मधूनच नजर खाली जायची आणि लगेच वर यायची, पाखरानं दाणा टिपावा तशी. मागून मला ते दिसत होतं. तोही नंतर त्याबद्दल बोलला. म्हणाला, "आकडे दिसतच नाहीत गं. काटा कुठं कलंडलाय तेवढं दिसतं. बाकी सगळं नुसतं काळंपांढरं."

महिना संपायला तीन दिवस राहिले तेव्हा सकाळी साडेसहाला तो खिडकीशी बसला. बाटलीतल्या स्पिरिटमध्ये कापसाचं टोक बुडवलं आणि डॅशबोर्डवर टेकवलं. चहा घेऊन आलेल्या मामीनं ते पाहिलं.

"अहो! नऊ दिवसांचं काम आहे ते!"

मामाचा हात थांबला. आकडे अजून तिथं होते. भिंगाखाली तिलाही ते एकेक वाचता आले असते. दुसऱ्या कुणाला जमलं नसतं असं त्याच्या हातून झालेलं ते काम होतं, आणि त्याला ते नीट ठाऊक होतं.

"सुंदर आहे," तो म्हणाला. "पण ते थांबलेल्या माणसानं वाचायचं आहे."

आणि त्यानं पुसलं. कापूस करडा झाला. मामी कप हातात धरून उभी राहिली, मग त्याच्या बाजूला स्टूल ओढून बसली. एरवी ती तिथं कधी बसत नसे.

नंतरचं काम भरभर झालं. चकतीत आकड्यांच्या जागी नुसते पुसट ठिपके, आणि काटा एकाच फटकाऱ्यात. त्याची कडसुद्धा त्यानं धारदार ठेवली नाही. पेट्रोल अर्ध्यावर. हँडब्रेक कापून खाली बसवला. गियर दुसऱ्यात. चालवणाऱ्याची सीट थोडी पुढे, कारण नवशिका माणूस पुढेच सरकून बसतो. त्याचा आरसा त्याच्याकडे, बाईंचा बाईंकडे. मामाच्या बाजूची पेडलं काळ्या रबराची, आणि बाईंच्या ब्रेकचं रबर झिजून आतला पत्रा दिसणारा. त्यासाठी त्यानं चांदीरंगाचा एक कण खर्च केला.

"एवढं झिजलंय?" मी विचारलं.

"निम्मं माझंच आहे," मामा म्हणाला.

शेवटी त्यानं स्टिअरिंग चांगलंच फिरवलं, आणि पुढची दोन चाकं तेवढीच.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी आम्ही तिघं बाईंच्या कचेरीत गेलो. एक खोली, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, टेबल, चार खुर्च्या. बाहेर अंगणात तंत्रशाळेची माणसं निळ्या गाडीला दोरखंड बांधत होती. बाई मधूनमधून खिडकीतून त्यांच्यावर ओरडत होत्या. "गाठ खाली घ्या! बंपरला नाही!" मग त्यांनी खिडकीकडे पाठ केली, चष्मा लावला आणि मामानं पुढे केलेली गाडी घेतली.

ह्या वेळी त्यांनी छत उचललं नाही. गाडी डोळ्यांच्या उंचीला धरली आणि आपल्या बाजूच्या खिडकीतून आत पाहिलं. मामी पदराच्या टोकाला पीळ घालत होती. मामा तक्त्यावरच्या खुणा वाचल्यासारखं करत होता. अंगणातला गलबला ऐकू येत होता. मला वाटलं, पुन्हा काही राहिलं. कुठला तरी दांडा, कुठली तरी दिशा, जी फक्त चालवणाऱ्यालाच ठाऊक असते.

बाईंनी गाडी थोडी आणखी जवळ आणली. त्यांचे ओठ मिटले, भुवया जवळ आल्या.

टेबलाखाली धाडकन आवाज झाला. बाईंचा पाय जमिनीवर पडला होता.

आपण काय केलं हे त्यांच्या लक्षात यायला एक क्षण लागला. त्यांनी टेबलाखाली बघितलं, मग मामाकडे. हसल्या नाहीत. आवाज चढला, इंजिनावर मात करायला चढायचा तसाच.

"राजे, दुसऱ्या गियरमध्ये, विसावर, इतकं वळवतात? आधी वेग कमी करायचा, मग वळवायचं. कितीदा सांगितलं!"

मामाचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर इतका उजळलेला पाहिला नाही.

"चुकलं, बाई," तो म्हणाला.